झोका म्हणायला झालेला उशीर

दादाला बाजारात सोबत न्यायला त्याची बायको कधी राजी नसायची. साधी बादली घ्यायची असली तरी हा आधी निळी उचलायचा, ठेवायचा, हिरवी उचलायचा, दुकानदाराच्या तोंडाकडे बघायचा, पुन्हा निळीकडे वळायचा आणि शेवटी रिकाम्या हाताने घरी येऊन म्हणायचा, "उद्या बघू." बायकोने त्याचं नाव 'हो-नाही' ठेवलं होतं. "तुमचं सगळं तळ्यात-मळ्यात," ती म्हणायची. "घराला आग लागली तर दाराने पळायचं की खिडकीने, हे ठरवेपर्यंत कोळसा व्हाल."

त्यावर दादा हसायचा. खोटं थोडंच होतं ते? पण त्याला वाटायचं, हिने मला एकदा कामावर बघायला हवं होतं.

दादा रंगारी होता. घरातल्या भिंती रंगवणारा नव्हे, उंच इमारती बाहेरून रंगवणारा. गच्चीवरून दोन दोर सोडायचे, त्यांना एक लांब फळी टांगायची, फळीला कमरेएवढा कठडा, दोन टोकांना दोन माणसं आणि मध्ये रंगाचे डबे. कामगार तिला झुला म्हणायचे. या झुल्यावर पाय ठेवला की दादातला हो-नाही जमिनीवरच राहायचा. वर तो विचार करत नसे. पायाखाली काय चाललंय ते तळव्यांना कळायचं, तोंडातून एक शब्द निघायचा, आणि दुसऱ्या टोकाचा माणूस त्या शब्दावर हालचाल करायचा.

हे शब्द त्याला एका म्हाताऱ्या कारागिराने शिकवले होते. "हलतंय, असं वर कधी ओरडायचं नाही," म्हाताऱ्याने पहिल्याच दिवशी दम दिला होता. "वर सगळंच हलतं. नुसतं हलतंय म्हणालास तर समोरच्याने काय करायचं? रंग मारत राहायचं, की दोर धरायचा, की बसायचं?" दोघांचीही तोंडं भिंतीकडे. आपलं टोक काय करतंय ते आपल्याला कळतं, दुसऱ्याचं कळत नाही. म्हणून बोलायचं, आणि नेमकं बोलायचं.

झुला नुसता डुलत असला तर हात थांबवायचा नाही. पाण्यावर होडी डुलावी तसं ते, उलट अंगाला बरंच वाटतं. 'हेलकावा' म्हटलं की ब्रश डब्यात टाकायचा आणि पाय फाकवून उभं राहायचं, कारण लांब हेलकावा माणसाला हळूहळू कठड्याकडे ढकलतो आणि त्याला पत्ता लागत नाही. डब्यातला रंग हिंदकळायला लागला की समजायचं, एका बाजूचा दोर जास्त सुटलाय. 'डुगडुगतंय' म्हणजे वर आकडा नाहीतर गाठ ढिली, हातातलं काम टाकून खाली यायचं. आणि सगळ्यात वाईट तो झोका. वारा इमारतीचा कोपरा वळून येतो, झुला भिंतीपासून उचलून लांब नेतो आणि मग परत भिंतीवर आणून आपटतो. 'झोका' ऐकला की बघायचं नाही, विचारायचं नाही, आहे तिथे खाली बसायचं आणि दोराला मिठी मारायची.

म्हातारा गेला, पण शब्द राहिले. दादाने ते पुढे ज्याला शिकवले, त्याला सगळे रेडिओ म्हणायचे.

रेडिओ आधी लाकडाला पॉलिश मारायचा. उंचीची भीती, आणि तोंड बंद ठेवायची त्याहून जास्त भीती. पहिले काही दिवस तो झुल्यावर डोळे मिटून उभा राहायचा आणि सारखा बोलत राहायचा. काल काय जेवला, स्वप्नात काय दिसलं, समोरच्या खिडकीतली बाई नवऱ्याशी कशी भांडतेय, सगळं. मग हळूहळू डोळे उघडले, बोलणं मात्र थांबलं नाही. दादाला त्याची सवय झाली. बोलणं चालू आहे म्हणजे दुसऱ्या टोकाला माणूस शाबूत आहे, असा तो हिशेब होता.

संध्याकाळी हातपाय धुऊन रेडिओ दादाबरोबर चहाला यायचा. दादाची धाकटी बहीण तेव्हा त्यांच्याकडेच राहायची. शर्टाच्या कारखान्यात काज-बटणाच्या मशीनवर होती, बोलायला तिखट. तिने पहिल्याच दिवशी विचारलं, "हा रेडिओ बंद कुठून करायचा?" आणि रेडिओ आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसला. वहिनीने तेव्हाच ओळखलं काय ते.

लग्नाची गोष्ट निघाली तशी दादाची नेहमीची चलबिचल सुरू झाली. पोरगा चांगला आहे. पण झुल्यावरचं काम. पण मेहनती आहे. पण बडबड्या आहे. आज हो, उद्या नाही. शेवटी धाकटीच एका सकाळी डबा भरता भरता म्हणाली, "दादा, तुझं ठरेपर्यंत मी म्हातारी होईन. माझं ठरलंय." दादाला मनातून सुटल्यासारखं झालं. लग्नानंतर खरं तर जावयाला मानाने 'अहो-जाहो' करायला हवं होतं. घरात तो करायचाही. पण झुल्यावर पुन्हा 'अरे रेडिओ, दोर सोड' हेच. रेडिओला त्याची फार गंमत वाटायची. "जमिनीवर जावईबापू आणि हवेत हमाल," तो म्हणायचा.

धाकटीचं बिऱ्हाड दोन गल्ल्या सोडून होतं. दिवस बरे चालले होते.

एका सकाळी दादाने अंथरुणात कूस बदलली आणि छत फिरलं.

आधी वाटलं, झोप पुरी झाली नाही. तो उठून बसला, तर भिंत एकीकडे सरकली आणि परत आली, पुन्हा सरकली. पलंगाची कड धरून तो बसून राहिला. थोड्या वेळाने सगळं जागच्या जागी आलं. बायको स्वयंपाकघरात होती, तिला कळलं नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा झालं, या वेळी चपला घालताना. मग तो कोणाला न सांगता डॉक्टरकडे गेला.

डॉक्टरीण बाईंनी त्याची मान इकडून तिकडून वळवली, डोळ्यांत बघितलं आणि सांगितलं की कानाच्या आत तोल सांभाळणारा भाग असतो, त्याचा हा त्रास आहे. गोळ्या दिल्या. जिवाला धोका नाही, म्हणाल्या. मग लिहिता लिहिता मान वर करून विचारलं, "उंचावर चढायचं काही काम नाही ना तुमचं?"

"नाही," दादा म्हणाला. "दुकानात असतो."

इतकं चटकन उत्तर त्याने जमिनीवर क्वचितच दिलं असेल.

मुकादमाला सांगून टाकायचं, हे त्याने घरी जाताना वाटेतच ठरवलं. मुकादम काही राक्षस नव्हता. त्याने खाली भिंती घासायला नाहीतर रंग कालवायला बसवलं असतं. पण सकाळी कामावर गेल्यावर दादाला वाटलं, आज काय, आज तर बरं वाटतंय. गोळ्या चालू आहेत. पुढच्या आठवड्यात सांगू. पुढच्या आठवड्यात वाटलं, ही इमारत संपू दे. आत एक गोष्ट अशीही होती जी त्याने स्वतःलाही धड सांगितली नाही. खाली तो हो-नाही होता, सगळ्यांच्या थट्टेचा. वर तो दादा होता. वरचं गेलं की मग उरायचं काय?

आणि मग एका दुपारी झुल्यावर त्याच्या पायाखालची फळी सरकली आणि तो ओरडला, "झोका!"

रेडिओ बोलता बोलता धाडकन खाली बसला आणि त्याने दोराला मिठी मारली. ब्रश खाली पडला. झुला मात्र जागचा हललाही नव्हता. खाली वाळत घातलेले कपडे निपचित लटकत होते.

रेडिओने डोकं वर काढलं. "दादा, झोका झुल्याला होता की तुम्हाला?"

"वाटलं मला," दादा म्हणाला. "वारा वाटला."

रेडिओने ती गोष्ट धाकटीला रंगवून सांगितली असणार, असं दादाला वाटलं. रात्रीच्या जेवणाला दोघं आले तेव्हा तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला, पण ती काही बोलली नाही.

दुसऱ्यांदा झालं तेव्हा रेडिओ हसला, पण अर्धवट. तिसऱ्यांदा झालं तेव्हा हसला नाही. तो बसला, दोर धरला, आजूबाजूला बघितलं, मग दुसऱ्या टोकावरून बराच वेळ दादाकडे बघत राहिला. त्यानंतर रोज सकाळी झुल्यावर चढण्याआधी रेडिओ दादाच्या कमरेचा पट्टा स्वतः ओढून बघायला लागला. आणि वर बोलायचा थोडा कमी.

दादाने मनाशी ठरवलं, आता नीट खात्री झाल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. पोराला उगाच दचकवायचं नाही. डोकं फिरतंय की फळी, हे ओळखायची एक युक्तीही त्याने काढली. डब्यातल्या रंगाकडे बघायचं. रंग सपाट असेल तर आपलं डोकं. रंग कलला तर झुला.

त्या दिवशी ते कचेरीच्या एका इमारतीवर होते. फिकट राखाडी रंग, सहावा मजला. सकाळी हवा ठीक होती. जेवणानंतर वारा सुटला, एकसारखा नव्हे, मध्येच येणारा आणि मध्येच दडी मारणारा. खरं तर अशा वाऱ्यात झुला खाली घ्यायचा असतो. दादाने वरून हाक मारून मुकादमाला विचारलं. मुकादम खालून म्हणाला, "तेवढा कोपरा उरकून घ्या. उद्या इथून दोर हलवायचेत."

कोपरा रेडिओच्या बाजूला होता. तिथे पाण्याचा जाड पाइप भिंतीला लागून खाली गेला होता आणि पाइपाच्या मागची पट्टी रंगवायची राहिली होती. हात पोहोचत नव्हता. रेडिओने पट्टा ताणून बघितला, मग काढून कठड्याला अडकवला. "दोन मिनिटं," तो म्हणाला. "त्या पाइपामागे कोण बघणार आहे, देव जाणे. पण मुकादमाला स्वप्नात दिसायचं." एक हात पाइपाला आणि दुसऱ्या हातात ब्रश, असा तो कठड्याबाहेर वाकला आणि घरी नवा पंखा घ्यायचाय त्याबद्दल बोलायला लागला.

दादाच्या तळव्यांना जाणवलं. भिंत त्याच्यापासून लांब चालली होती.

त्याच्या जिभेवर शब्द आला. वर्षानुवर्षं तो शब्द जिभेवर आला की बाहेर पडलेलाच असायचा. या वेळी तो दातांशी अडला. पुन्हा तेच झालं असेल तर? रेडिओ अर्धा बाहेर आहे, आपण ओरडलो आणि तो दचकून सुटला तर? त्याने डब्याकडे बघितलं. रंग एका काठाकडे चढत होता. काठावरून ओघळला, फळीवर सांडला.

"झोका," दादा ओरडला.

रेडिओ बसला नाही, कारण बसायला त्याच्याखाली फळी नव्हती. झुला भिंतीपासून दूर गेला होता आणि तो पाइपाला एका हाताने लोंबकळत होता. बोलणं थांबलं होतं. झुला परत आला आणि त्याच्यावर आदळला.

त्यानंतरचं दादाला तुकड्यातुकड्यांनीच आठवायचं. आपण दोर धरून बसलोय. खालून कोणीतरी ओरडतंय. मग हळूहळू, दोन वेगळ्याच माणसांनी गच्चीवरून झुला खाली सोडला आणि तो सगळा वेळ त्याच्यासमोरून ओल्या राखाडी रंगाची भिंत वर सरकत राहिली. खाली उतरल्यावर त्याला कोणी पुढे जाऊ दिलं नाही. जायची गरजही नव्हती. रेडिओ जागीच गेला होता.

धाकटीला कारखान्यातून वहिनीने आणलं. दादाला ते जमलं नाही.

ठेकेदार दुसऱ्या दिवशी घरी आला. खुर्चीवर बसला, पाणी प्यायला, वाईट झालं म्हणाला. दादाची बायको आत गेल्यावर तो पुढे सरकला. "उद्या चौकशीवाले विचारतील. झुला हलला का, कसा हलला. तू फार काही सांगू नकोस. तो लडखडला. पट्टा त्याने स्वतः काढला होता, हे खरंच आहे ना? मग तो लडखडला आणि गेला. बस्स. झुल्याने झोका खाल्ला म्हणालास तर वाऱ्यात काम का चालू होतं, असं विचारतील. साइट बंद पडेल. सगळ्यांच्या चुली थंड होतील." जाताना त्याने दादाच्या खांद्यावर हात ठेवला. "तूही त्या झुल्यावर होतास, हे विसरू नकोस."

शेवटचं वाक्य त्याने सहज टाकलं होतं की जाणूनबुजून, यावर दादा रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिला. लडखडला म्हणणं खोटं होतं. पाय फळीवर असेल तर माणूस लडखडतो. झोका म्हणावं, तर पुढचा प्रश्न ठरलेला, तू ओरडलास का? केव्हा ओरडलास?

चौकशी अधिकारी तरुण होता आणि त्याला सर्दी झाली होती. त्याने विचारलं, "नेमकं काय झालं?"

दादा म्हणाला, "तोल गेला."

"कोणाचा?"

"त्याचा," तो म्हणाला.

टंकलेखकाने ते टाइप केलं. दादाने सही केली. बाहेर आल्यावर त्याला वाटलं होतं, आपण कोणाच्याच बाजूचा नसलेला शब्द निवडला. धड खोटाही नाही आणि धड खराही नाही. निळी बादलीही नाही आणि हिरवीही नाही.

पण शब्द बाहेर पडला की आपल्या पायांनी चालायला लागतो. तोल गेला म्हणजे कसा गेला? चांगला धडधाकट तरुण माणूस, रोज झुल्यावर चढणारा, त्याचा तोल असा भरदुपारी कसा जातो? कामगारांत कुजबुज झाली. कुजबुज कारखान्यात पोहोचली. काज-बटणाच्या मशीनवरच्या बायका धाकटीला बघून आवाज बारीक करायच्या. रेडिओ दुपारी घेऊन चढायचा म्हणे. बडबड उगाच नव्हती म्हणे. ज्याने आयुष्यात चहापलीकडे काही प्यायलं नाही, तो मेल्यावर दारुडा झाला. ठेकेदाराने ते कधी नाकारलं नाही.

यातलं काही दादाच्या कानावर नव्हतं. तो कामावर जात नव्हता. रोज संध्याकाळी तो धाकटीकडे जायला म्हणून निघायचा. पहिली गल्ली ओलांडायचा, दुसरीच्या तोंडाशी शिंप्याच्या दुकानापाशी थांबायचा, तिच्या खिडकीतला दिवा दिसायचा. तिथून परत. कधी अर्ध्या वाटेतून पुन्हा वळायचा, पुन्हा शिंप्यापर्यंत जायचा. शिंप्याने एकदा विचारलं, "काही शिवायचंय का?" तेव्हापासून तो दुसऱ्या बाजूने जायला लागला.

"कुठे गेला होतात?" बायको विचारायची.

"इथेच. जरा पाय मोकळे करायला."

"त्या पोरीला भेटलात?"

"उद्या जातो."

एके दिवशी बायको भांडी घासता घासता थांबली आणि म्हणाली, "तुम्हाला चक्कर येते ते मला माहीत आहे. उशाखाली गोळ्या सापडल्या होत्या मला. मी विचारायला हवं होतं, मी नाही विचारलं. आता तुम्ही तिच्याकडे जा. नाहीतर मी जाऊन सांगेन." ती रडत नव्हती. राखेने भरलेला हात तिने बाजूला धरला होता.

त्या संध्याकाळी तो शिंप्याच्या दुकानावरून न थांबता पुढे गेला.

धाकटी एकटीच होती. खोलीत पलंग, शिवणाचं मशीन, भिंतीवर पंख्यासाठी काढून ठेवलेली उघडी वायर. तिने त्याला आत घेतलं, पाट दिला नाही, पाणी दिलं. तो उभाच राहिला.

"मला तुला काही सांगायचंय," दादा म्हणाला. "मला चक्कर येते. आधीपासून. मी कोणाला..."

"माहीत आहे," धाकटी म्हणाली.

दादाने हातातला पेला खाली ठेवला.

"ह्यांना माहीत होतं. तू तिसऱ्यांदा उगाच ओरडलास ना, त्या दिवशी घरी येऊन म्हणाले, दादांचं काहीतरी बिघडलंय. मी म्हटलं, मुकादमाला सांगा. तर म्हणाले, वरून खाली आणलं तर दादा खचतील. मी आहे ना दुसऱ्या टोकाला, मी सांभाळतो." ती मशीनच्या चाकावर हात ठेवून उभी होती. चाक थोडं पुढे न्यायची, थोडं मागे. "मी रोज म्हणायचे, तुझ्याशी बोलते. रोज वाटायचं, आज नको. शेवटी मी तुझीच बहीण."

"त्या दिवशी मी ओरडलो नाही," दादा म्हणाला. "म्हणजे ओरडलो, पण उशिरा. खरा झोका होता आणि मला खात्री नव्हती. मी डब्याकडे बघत बसलो."

हे तिला माहीत नव्हतं. ती मशीनपाशी खाली बसली. शेजारच्या घरात कोणीतरी जिना चढत होतं.

मग ती म्हणाली, "तू काय सांगितलंस त्यांना? तोल गेला म्हणालास?"

"हो."

"कारखान्यात काय म्हणतात माहीत आहे तुला? ते पिऊन चढले होते म्हणतात. काल एकीने माझ्या तोंडावर विचारलं, घरीही घ्यायचे का गं?" तिचा आवाज चढला नाही. "झोका होता ना? मग झोका म्हण. जाऊन सांग. तुझं काय व्हायचं ते होऊ दे. त्यांचं नाव मला स्वच्छ हवंय."

"जातो."

"उद्या बघू म्हणू नकोस."

"नाही," दादा म्हणाला. "सकाळीच जातो."

आणि तो गेला. अधिकाऱ्याची सर्दी अजून होती. त्याने जुना जबाब काढला, नवा लिहायला घेतला. दादाने सगळं सांगितलं. वारा होता, मुकादमाने थांबवलं नाही, झुल्याला झोका बसला. रेडिओ लडखडला नाही, त्याच्या तोंडाला कधी दारू लागली नव्हती, आणि त्याचा तोल गेला नव्हता. आपल्याला चक्कर येते, डॉक्टरांनी उंचीबद्दल विचारलं होतं, आपण खोटं बोललो. झोका आपल्याला कळला होता आणि आपण ओरडायला उशीर केला.

"किती उशीर?" अधिकाऱ्याने विचारलं.

"डब्याकडे बघून होईपर्यंत."

अधिकाऱ्याला ते कसं लिहावं कळेना. शेवटी त्याने 'थोडा विलंब' असं लिहिलं.

ठेकेदाराला ज्याची भीती होती त्याच्या बरोबर उलटं झालं. हा जबाब ठेकेदाराच्या पथ्यावरच पडला. वारा बाजूला राहिला, मुकादम बाजूला राहिला. आजार लपवून झुल्यावर चढलेला माणूस सापडल्यावर आणखी कोणाला शोधायची गरज उरली नाही. ठेकेदाराने सगळ्यांसमोर कपाळाला हात लावला आणि म्हणाला, आम्हाला काय कल्पना. साइट चालू राहिली. पाइपामागची पट्टी दुसऱ्या कोणीतरी रंगवली. दादावर खटला चालला, तारखांचे हेलपाटे झाले, शेवटी कोर्टाने त्याला तुरुंगात पाठवलं नाही, पण त्याला पुन्हा उंचीवर काम करता येणार नाही असं ठरवलं. ते तसंही कोणी दिलं नसतं. जे कामगार त्याला दादा म्हणायचे, ते रस्त्यात दिसले की पलीकडच्या बाजूला जायचे. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

कारखान्यातली कुजबुज मात्र थांबली. ज्या बाईने तोंडावर विचारलं होतं, तिने येऊन धाकटीचे हात धरले. धाकटीने ते सोडवून घेतले आणि मशीन चालू केलं.

थोड्या महिन्यांनी ती दुसऱ्या गावी सासूकडे राहायला गेली. म्हातारीचा एकुलता एक मुलगा गेला होता आणि दोघींना एकमेकींशिवाय कोणी नव्हतं. सामान बांधायला वहिनी गेली होती. दादाने ट्रंक बसच्या टपावर चढवायला म्हणून उचलली आणि शिडीपाशी थबकला, तेव्हा कंडक्टरने ती त्याच्या हातातून घेतली. धाकटीने वहिनीला मिठी मारली. दादाकडे बघून मान हलवली आणि आत जाऊन बसली, खिडकीच्या विरुद्ध बाजूला.

दादा आता कुंपणांना आणि फाटकांना रंग मारतो. काम जमिनीवरचं, बसून करायचं. चक्कर अजून येते. आली की तो ब्रश खाली ठेवतो, फाटकाची सळई धरतो आणि जाईपर्यंत डोळे मिटून बसतो. लोकांना वाटतं, कामचुकार आहे. बाजारात बायको त्याला अजूनही नेत नाही.

धाकटीचा फोन दर रविवारी येतो, वहिनीला. सासूचे गुडघे, नव्या ठिकाणचं शिवणकाम, पाण्याची ओरड, असं बोलणं चालतं. दादा त्याच खोलीत वर्तमानपत्र घेऊन बसलेला असतो. वहिनी मध्येच म्हणते, "हो, तुझा दादा बरा आहे," आणि पलीकडून काही येत नाही, मग पुन्हा गुडघे सुरू होतात. असं वर्षभर चाललं. एका रविवारी वहिनीने न विचारता, न सांगता फोन त्याच्या कानाला लावला.

पलीकडे मागे कुठेतरी नळ गळत होता.

"जेवलास का?" धाकटीने विचारलं.

"हो," दादा म्हणाला.

"बरं," ती म्हणाली. "वहिनीला दे."

त्याने फोन परत दिला. त्यानंतर दर रविवारी तेवढंच.